चौदा टक्क्यांची अफवा आणि इतर प्रश्न

निवडणुकीच्या काळात मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर ‘हे खरं की खोटं, एवढंच सांगा’ असा आहे. तेवढं सांगून भागत नाही, कारण पुढच्या आठवड्यात मेसेज बदललेला असतो. म्हणून शक्य तिथे कोणता कागद बघायचा, तो कुठे मिळतो आणि बघताना कुठे फसगत होते, तेही लिहिलं आहे.

प्रश्न : प्रत्येक निवडणुकीला एक मेसेज येतो. ‘यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९-अ खाली चॅलेंज मत मागा. तुमच्या नावावर आधीच कोणी मत दिलं असेल तर टेंडर मत मागा. केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर मतं पडली तर फेरमतदान होतं.’ आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात याची छापील प्रतही वाटली गेली. यात खरं किती?
— निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : यातला एकच तुकडा खरा आहे आणि त्याच्याच आधारावर बाकीचं खपतं.

आधी ‘४९-अ’ पाहू. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये या क्रमांकाचा नियम आहे, पण तो मतदान यंत्राची रचना कशी असावी याबद्दल आहे. यादीत नाव नसलेल्यांशी त्याचा काहीही संबंध नाही. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. आधार, पासपोर्ट, पॅन हे सगळं तुमची ओळख पटवण्यासाठी आहे, मतदार म्हणून नोंद नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

चॅलेंज मत, म्हणजे आक्षेपित मत, हा प्रकार अस्तित्वात आहे, पण तो उलट दिशेचा. समोर आलेली व्यक्ती यादीतली ती व्यक्ती नाही, असा आक्षेप मतदान प्रतिनिधी, म्हणजे उमेदवाराचा बूथ एजंट, घेतो. त्यासाठी त्याला २ रुपये अनामत भरावी लागते. केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करून निर्णय देतात. मतदाराने स्वतःहून मागायची ही गोष्टच नाही.

खरा तुकडा टेंडर मताचा, ज्याला मराठीत प्रदत्त मत म्हणतात. तुमच्या नावावर आधीच कोणी मत दिलं असेल आणि केंद्राध्यक्षांना तुमची ओळख पटली, तर नियम ४९-पी नुसार तुम्हाला मत देता येतं. पण यंत्रावर नाही. तुम्हाला छापील मतपत्रिका मिळते, नमुना १७-ब मधल्या यादीत तुमची सही घेतली जाते आणि मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते. मतमोजणीच्या दिवशी ते पाकीट उघडत नाहीत. निवडणूक याचिका झाली आणि न्यायालयाने मागवलं, तरच त्याचा उपयोग. तरीही हे मत जरूर द्या. बोगस मतदान झाल्याची ती लेखी नोंद असते, आणि अशी नोंद नसेल तर पुढे भांडायला हातात काही उरत नाही.

१४ टक्क्यांचा नियम कुठेही नाही.

मेसेज वरवर निरुपद्रवी, उलट उपयोगी वाटतो. नुकसान असं होतं की ‘आधार दाखवून काम होईल’ या भरवशावर माणूस यादी तपासत नाही, केंद्रावर जातो, वाद घालतो आणि ‘मला मतदान करू दिलं नाही’ अशी पक्की समजूत करून घरी येतो. ती समजूत पुढे दहा घरांत जाते. खोटं त्याच्या मोबाइलमध्ये होतं, खापर मात्र केंद्रावरच्या कर्मचाऱ्यावर फुटतं.

करायचं एवढंच. निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता वर्षातून एकदा आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर घरातल्या प्रत्येकाचं नाव शोधा. मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. नावाने शोधलं तर ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ या फरकामुळे ‘नाव नाही’ असं दिसतं आणि माणूस उगाच नवा अर्ज भरतो. इंटरनेट नको असेल तर १९५० वर फोन करा किंवा बीएलओला, म्हणजे तुमच्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, गाठा. नाव नसेल तर फॉर्म ६, घर बदललं किंवा तपशील चुकला असेल तर फॉर्म ८. विधानसभा-लोकसभेसाठी उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या १० दिवस आधीपर्यंत आलेले अर्ज विचारात घेतले जातात. महापालिकेला हा हिशोब लागू होत नाही. तिथे विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला गोठवून वापरतात. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. ऑगस्टमध्ये नाव लागलेला मतदार त्या यादीत नव्हता, आणि त्यात कोणाचं कारस्थान नव्हतं.

प्रश्न : कांदा निर्यातबंदी उठल्याचे मेसेज इतक्यांदा येतात की आता खरा आला तरी विश्वास बसत नाही. चाळीतला माल काढायचा की ठेवायचा हे आम्ही कशावर ठरवायचं?
— कांदा उत्पादक, निफाड तालुका

उत्तर : तुमच्या प्रश्नाला तारखांनिशीच उत्तर द्यायला हवं. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी लावली, तेव्हा मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. फेब्रुवारीत ‘बंदी उठली’ अशा बातम्या आल्या. लासलगावला दोन दिवसांत सरासरी भाव क्विंटलला १,२८० वरून १,८०० रुपयांवर गेला. लगेच केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांना ‘बंदी कायम आहे’ असा खुलासा करावा लागला. मार्चअखेर बंदी संपण्याऐवजी पुढील आदेशापर्यंत वाढली. एप्रिलच्या शेवटी ९९,१५० टन कांदा सहा देशांना पाठवायला परवानगी दिल्याचं सरकारी प्रसिद्धिपत्रक आलं आणि पुन्हा जल्लोष झाला. प्रत्यक्षात तो आधी टप्प्याटप्प्याने दिलेल्या परवानग्यांचा बराचसा गोषवारा होता. बंदी उठली ४ मे २०२४ ला. त्याच वेळी टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून कमी दराने माल बाहेर पाठवता येत नाही, आणि ४० टक्के शुल्कही होतं. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मे रोजी होतं, म्हणजे या प्रत्येक बातमीला राजकीय भाव होता आणि दोन्ही बाजूंचे लोक ती आपल्या सोयीने फिरवत होते.

एप्रिलच्या त्या पत्रकाकडे विशेष बघा. त्यातला आकडा खोटा नव्हता. तो नवा असल्याचा समज खोटा होता. मुळातला कागद खरा असल्यामुळे अशा मजकुराला ‘फेक’ म्हणता येत नाही, आणि अनुभवी व्यापारीही त्यात अडकतात.

आता कागद. कांद्याच्या निर्यातीचे निर्णय दोन वेगळ्या दारांतून येतात. बंदी आणि किमान निर्यात मूल्य हे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, अधिसूचनेने ठरतं. निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाच्या अधिसूचनेने ठरतं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं आणि शुल्क ४० वरून २० टक्के केलं, तेव्हाही कागद दोन होते. उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं, तो फक्त दुसऱ्या दारातला निर्णय. एकाच दारात पाहून ‘काहीच झालं नाही’ म्हणणारेही तितकेच चुकतात.

मेसेज आला की त्यात अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख आहे का पाहा. नसेल तर ती फार तर बातमी आहे, निर्णय नव्हे. असेल तर डीजीएफटीच्या संकेतस्थळावर अधिसूचनांच्या यादीत तोच क्रमांक काढा आणि ‘अंमल कधीपासून’ हे वाक्य शोधा. ‘सार्वजनिक सूचना’ आणि ‘व्यापार सूचना’ हे वेगळे प्रकार आहेत, त्यांत बहुधा कार्यपद्धती असते, धोरण नव्हे. मंत्र्यांची भेट, समितीची शिफारस, ‘तत्त्वतः मान्यता’ यांतल्या कशानेही जेएनपीटीतून कंटेनर हलत नाही. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर एक जुनी युक्ती आहे : निर्यातदाराच्या कस्टम एजंटला विचारा, आज शिपिंग बिल दाखल होतंय का. सिस्टीम अर्ज घेत नसेल तर बंदी उठलेली नाही.

प्रश्न : नेत्याच्या आवाजातली क्लिप एआयने बनवलेली आहे की खरी, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? एखादं अ‍ॅप सुचवा.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : अ‍ॅप सुचवत नाही, आणि कारण तुम्हाला पटेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज किंवा व्हिडिओ पाठवला की त्याचं वजन कमी करण्यासाठी तो पिळून काढला जातो. वरच्या पट्टीतले बारीक आवाज, श्वासाची खरखर, खोलीचा प्रतिध्वनी, म्हणजे तपासणारं सॉफ्टवेअर ज्या खुणा शोधतं, नेमक्या त्याच यात जातात. चार वेळा फिरलेली क्लिप अशा अ‍ॅपमध्ये टाकली तर ‘७३ टक्के खरी’ वगैरे आकडा येतो. त्याला काही अर्थ नसतो, पण तो स्क्रीनशॉट मात्र पुढे पुरावा म्हणून फिरतो.

व्हिडिओच्या बाबतीत परिस्थिती बरी आहे, कारण बहुतेक खोटे व्हिडिओ एआयचे नसतातच. ते जुने किंवा दुसऱ्या गावचे खरे व्हिडिओ असतात. ते पकडता येतात. व्हिडिओ थांबवा, पाटी, चेहरा किंवा इमारत स्पष्ट दिसते अशा तीन-चार जागी स्क्रीनशॉट घ्या. वरखाली चिकटवलेली अक्षरं कापून टाका, नाहीतर शोध त्या अक्षरांवरच जातो. मग प्रत्येक चित्र गुगल लेन्सला द्या. आलेल्या निकालांत पहिला नव्हे, सर्वांत जुना शोधा. काही सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा द्या. पकडलं जाऊ नये म्हणून आरशासारखी उलटवलेली चित्रं सर्रास फिरतात, आणि मग दुकानाची पाटी उलटी दिसते किंवा शर्टाचा खिसा उजवीकडे जातो. गाड्यांचे नंबर पाहा. ‘मालेगावात आत्ता’ म्हणून आलेल्या व्हिडिओत एकही एमएच ४१ किंवा एमएच १५ दिसत नसेल, एसटी लाल नसेल, पोलिसांचा गणवेश वेगळा असेल, तर पुढे बघायची गरज नाही. फाइलच्या तपशिलातली तारीख मात्र विसरा. व्हॉट्सअ‍ॅप मूळ नोंदी पुसून टाकतं, तुम्हाला दिसते ती तुमच्या फोनवर उतरल्याची तारीख.

नुसत्या आवाजाचं प्रकरण खरोखर अवघड आहे. तिथे कान लावण्याआधी प्रश्न विचारायचे. पहिल्यांदा कोणी टाकली? पूर्ण ध्वनिमुद्रण कुठे आहे, की फक्त २० सेकंद आहेत? फोनवरचं संभाषण असेल तर दुसऱ्या बाजूचा माणूस कोण? भाषण असेल तर ते कोणत्या सभेत झालं आणि त्या सभेचा दुसऱ्या कोणी काढलेला व्हिडिओ आहे का? मराठीपुरती एक खूण आहे, आणि ती फक्त शंका घेण्यापुरती. आपल्याकडे ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च लिहायला एक, बोलायला दोन. ज, झ यांचंही तेच. हिंदीवर पोसलेला यांत्रिक आवाज इथे अडखळतो, ‘ळ’ गिळतो. सटाण्याकडचा, अहिराणी वळणाने बोलणारा माणूस अचानक पुस्तकी सुरात बोलू लागला तरी कान टवकारावेत. पण ही तंत्रं झपाट्याने सुधारत आहेत, त्यामुळे उच्चार बरोबर आहेत म्हणून क्लिप खरी, असं कधीही म्हणू नका.

वेळेकडे जास्त लक्ष द्या. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ ला मतदान होतं. दोन दिवस आधी एका पक्षनेत्याच्या आवाजातली, मतं विकत घेण्याबद्दलची बनावट ध्वनिफीत आली. तिथे मतदानाआधी प्रचाराला ४८ तासांची बंदी असते, त्यामुळे खुलासा नीट पोचूच शकला नाही. आपल्याकडेही शेवटचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२४ ला, बिटकॉइनच्या पैशांबद्दलच्या ध्वनिफिती काही नेत्यांच्या आवाजातल्या म्हणून पसरल्या. संबंधितांनी इन्कार केला आणि तथ्य पडताळणी करणाऱ्यांना त्या बहुधा एआयने बनवलेल्या आढळल्या. तोवर मतदान सुरू झालं होतं. बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर पक्षांनी तो ३ तासांत काढावा, असं आयोगाने मे २०२४ मध्ये सांगितलं आहे. पण ३ तासांत क्लिप कुठल्या कुठे गेलेली असते. शेवटच्या दोन दिवसांत आलेल्या कोणत्याही ‘स्फोटक’ क्लिपचं वजन मतदानापुरतं शून्य धरणं, हाच त्यातला व्यवहारी हिशोब.

एआयचा दुसरा तोटा कमी बोलला जातो. खरी क्लिप सापडलेला पुढारीही आता ‘हे एआय आहे’ म्हणून हात झटकतो. तेव्हा मूळ ध्वनिमुद्रण ज्याच्याकडे आहे त्याने ते जपणं याला पूर्वीपेक्षा जास्त किंमत आली आहे.

प्रश्न : मी बूथ एजंट म्हणून बसतो. ‘यंत्रात पडलेली मतं आणि मोजलेली मतं जुळत नाहीत’ हे आमच्याच पक्षाचे लोक ठामपणे सांगतात. खरं काय आहे?
— सटाणा

उत्तर : हे तपासण्याचं साधन ज्याच्या हातात असतं तो माणूस तुम्हीच आहात.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने फॉर्म १७-सीची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यायची असते. त्यात यंत्रांचे क्रमांक, मोहोरांचे क्रमांक आणि एकूण नोंदलेली मतं असतात. हा कागद सर्वसामान्यांसाठी आयोगाच्या संकेतस्थळावर टाकला जात नाही, म्हणून तुमची प्रत मोलाची. प्रत्यक्षात काय होतं? सकाळी उत्साहाने बसलेला एजंट पाच वाजता निघून जातो. १७-सी घ्यायला कोणी उरत नाही. पक्षाच्या कार्यालयात निम्म्या केंद्रांचे कागद नसतात आणि मग आरोप करायला हवा तेवढा वाव राहतो.

सकाळपासूनचा क्रम असा ठेवा. मतदानाच्या ९० मिनिटं आधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, असते, किमान ५० मतांची. तिला हजर राहा. ती संपल्यावर क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणं त्याच क्रमाने दाबली जातात का पाहा आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, पेटीतल्या चिठ्ठ्या बाहेर काढल्याची खात्री करा. क्लिअर राहिलं तर अभिरूप मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि रात्री आकडा फुगलेला दिसतो. हा गोंधळ बहुतेकदा विसराळूपणाचा असतो. संध्याकाळी सही करण्याआधी १७-सीवरची बेरीज कंट्रोल युनिटच्या, म्हणजे केंद्राध्यक्षाजवळच्या यंत्राच्या, ‘टोटल’शी आणि मतदार नोंदवहीतल्या शेवटच्या क्रमांकाशी ताडून पाहा. नोंदवहीत सही करून मत न देता गेलेल्यांची नोंद शेऱ्यात असते, ती वजा करायला विसरू नका. मोजणीच्या दिवशी तीच प्रत टेबलावरच्या प्रतिनिधीकडे हवी. निकालानंतर केंद्रनिहाय आकड्यांचा फॉर्म २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर येतो. तो मात्र कोणालाही पाहता येतो.

फॉर्म २० काय करू शकतो याचं उदाहरण तुमच्या शेजारचंच आहे. २०२४ च्या विधानसभेनंतर ‘धुळे ग्रामीणमधल्या अवधान गावात काँग्रेसच्या उमेदवाराला शून्य मतं’ अशी पोस्ट देशभर फिरली. अवधानच्या चार केंद्रांवरची त्यांची मतं होती २२७, २३४, २५२ आणि ३४४, एकूण १,०५७. जिल्हा प्रशासनाने केंद्रनिहाय आकडे दिल्यावर विषय मिटायला हवा होता, पण पोस्ट त्यानंतरही फिरत राहिली.

त्याच निवडणुकीत ‘पडलेल्या मतांपेक्षा सुमारे ५ लाख ४ हजार मतं जास्त मोजली’ असाही दावा झाला. त्यात पडलेल्या मतांच्या बाजूला फक्त यंत्रांवरची मतं धरली होती आणि मोजलेल्यांच्या बाजूला टपाली मतंही. टपाली मतं होती सुमारे ५ लाख ३८ हजार. ती दोन्हीकडे धरली की मोजलेली मतं जास्त नव्हे, थोडी कमीच भरतात. आणि ती कमी का, याचंही साधं कारण असतं. अभिरूप मतदान पुसायचं राहिलेलं किंवा १७-सीशी न जुळणारं यंत्र बाजूला ठेवतात आणि विजयाचं अंतर त्यावरच्या मतांपेक्षा मोठं असेल तर ते मोजत नाहीत.

पाच वाजताची टक्केवारी ५८.२२ आणि अंतिम ६६.०५, या फरकावरूनही रान उठलं. सहापर्यंत मतदान असतं, सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटून मतदान पुढे चालू राहतं, आणि दिवसभराचे आकडे तोंडी कळवलेले अंदाज असतात. कारणं समजण्यासारखी आहेत. पण समजण्यासारखं कारण आणि तपासता येणारा पुरावा यांत फरक असतो. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी पाहण्याचा लोकांचा मार्ग अरुंद केला गेला, तो निर्णय आमच्या मते अफवांना खतपाणी घालणारा आहे. शंका घेणाऱ्याला दार बंद दिसलं की तो खिडकीतून जे दिसेल त्यावर विश्वास ठेवतो.

पराभूत उमेदवारासाठी आणखी एक वाट आहे. दर विधानसभा क्षेत्रात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतातच. त्याशिवाय एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून ७ दिवसांत लेखी अर्ज आणि खर्च भरून ५ टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करता येते. सभेत आरोप करणाऱ्या उमेदवाराला ‘अर्ज केलात का’ हे जरूर विचारावं.

प्रश्न : नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते का? आणि महापालिकेला व्हीव्हीपॅट का नव्हतं?
— सिडको

उत्तर : लोकसभा-विधानसभेला रद्द होत नाही, नोटाच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची, आणि दुसऱ्यांदाही तसंच झालं तर नोटा वगळून सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी. एकच वाक्य ग्रामपंचायतीत खरं आणि विधानसभेत खोटं ठरतं ते यामुळे. व्हीव्हीपॅटचं कारणही याच फरकात आहे : महापालिकेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य आयोग घेतो, आणि एका प्रभागात चार-चार मतं द्यायच्या पद्धतीत त्याने या वेळी व्हीव्हीपॅट वापरलं नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपची मी अ‍ॅडमिन आहे. कोणी भडक राजकीय मजकूर टाकला तर गुन्हा माझ्यावर येतो का? टाकणारे काका वयाने मोठे आहेत, त्यांना सगळ्यांसमोर बोलताही येत नाही.
— इंदिरानगर

उत्तर : नुसत्या अ‍ॅडमिनपणामुळे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सभासदाच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही. तुमचा त्यात सहभाग किंवा संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून अशा मजकुराला अंगठा दाखवू नका, आणि दिसल्यावर अ‍ॅडमिनचा ‘सर्वांसाठी हटवा’ हा अधिकार वापरा. तक्रार करायची असेल तर हटवण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. मतदानाच्या आणि मोजणीच्या दिवशी ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ ठेवला तर कोणालाच वाईट वाटत नाही, कारण तो नियम सगळ्यांना असतो.

काकांना वैयक्तिक फोन करा. ‘तुम्ही खोटं पसरवता’ ऐवजी ‘काका, हे मी बघितलं, व्हिडिओ तिकडचा निघाला, तुम्हीच ग्रुपवर सांगाल का?’ असं म्हटलं तर मान राखला जातो आणि दुरुस्ती त्यांच्याच तोंडून होते. तिचा परिणाम तुमच्या दुरुस्तीपेक्षा जास्त. दुरुस्ती लिहिताना पहिलं वाक्य खऱ्या गोष्टीचं असू द्या, अफवेचा उल्लेख एकदाच आणि मग पुरावा. ‘अमुक झालं हे खोटं आहे’ अशी सुरुवात केली की महिन्याभराने लोकांना ‘अमुक झालं’ एवढंच आठवतं. मूळ चित्र पुन्हा चिकटवायचंच असेल तर त्यावर आडवी फुली मारा, कोपऱ्यात छोटा शिक्का मारला तर तो कापून चित्र पुन्हा फिरतं.

दोन बाणांची ‘अनेकदा फॉरवर्ड’ खूण दिसली तर तो मजकूर किमान पाच हातांतून आला आहे, आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण मजकूर कॉपी करून चिकटवला की खूण जाते. खूण नाही म्हणजे काकांनीच लिहिलं, असं नव्हे.

ही बंधनं आली त्यामागे आपल्याच भागाचा रक्तलांछित संदर्भ आहे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्याच रात्री मालेगावात जमावाच्या तावडीतून पोलिसांनी एका कुटुंबाला वाचवलं. त्या काळात देशभर फिरलेला मूलचोरीचा व्हिडिओ कराचीतल्या जनजागृती चित्रफितीचा तुकडा होता. शेवटचा भाग, जिथे मुलाला परत आणून सोडतात, तेवढा कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्ड पाच गप्पांपुरतं मर्यादित केलं.

प्रश्न : तक्रार नेमकी कुठे करायची? सीव्हिजिलवर व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट टाकायला गेलो तर घेतलाच नाही.
— सातपूर

उत्तर : घेणारही नाही. सीव्हिजिल हे आचारसंहिताभंगाच्या तक्रारींसाठीचं आयोगाचं अ‍ॅप फक्त त्याच क्षणी अ‍ॅपमधून काढलेला फोटो किंवा जास्तीत जास्त २ मिनिटांचा व्हिडिओ घेतं, गॅलरीतला नाही, कारण जागेची नोंद त्याला हवी असते. पैसेवाटप, दारू, विनापरवाना फलक यांसाठी ते उत्तम. १०० मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट असतं. मोबाइलवरच्या खोट्या मजकुरासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार द्या. दंगल भडकवणारा मजकूर असेल तर थेट सायबर पोलीस, तिथे भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ आणि ३५३ लागतात. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलची अफवा असेल तर पीआयबीचा, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा, फॅक्ट चेक विभाग उपयोगी, पण तो सरकारचाच विभाग आहे, सरकारवरच्या टीकेचा निवाडा त्याच्याकडून घेऊ नये. अशा सरकारी कक्षाला कायद्याचं बळ देणारी दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ती याच कारणांसाठी.

पुरावा ठेवताना पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ एकाच स्क्रीनशॉटमध्ये येऊ द्या. फेसबुक-यूट्यूबचा असेल तर दुवा कॉपी करा, नुसतं पानाचं नाव पुरत नाही. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका आणि फोन बदलू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ उपकरणाशी जोडलेलं असतं.

प्रश्न : आमचा छोटा छापखाना आहे. मतदानाच्या दोन दिवस आधी रात्री कोणीतरी येतो, ‘नाव टाकू नका, दुप्पट पैसे घ्या’ म्हणतो. काय करावं?
— रविवार कारंजा परिसर

उत्तर : नाही म्हणावं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा. छापण्याआधी प्रकाशकाची सही असलेलं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचं. छापून झाल्यावर घोषणापत्राची एक प्रत आणि पत्रकाच्या प्रती जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या. आयोगाच्या सूचनेप्रमाणे पत्रकाच्या चार प्रती, तीन दिवसांच्या आत, किती छापल्या आणि किती पैसे घेतले या तपशिलासह. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम आज हसण्यासारखी वाटते, कैदेची नाही. प्रकाशक पसार होतो आणि कागदाचा रीम, शाई, प्लेटा तुमच्याकडे सापडतात, त्यामुळे पहिला तुम्हीच अडकता. प्लेट आधीच बनवून झाली असेल तर ती फोडू नका. गिऱ्हाइकाचा नंबर आणि त्याने पाठवलेली मजकुराची फाइल यांच्यासह बाजूला ठेवा आणि सकाळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळवा.